अबुंदियोच्या मागची मोकळी जागा

तुलांसिंगोच्या विणकर संघाने सात सामन्यांत सव्वीस गोल ठोकले होते आणि आठवा सामना आम्हा खाणकामगारांच्या डोंगरावर होता. त्यांचा खेळ पाहून यायला आमचे प्रशिक्षक इलारियो मास्तर यांनी ओतिलियाबाईंना पाठवलं, तेव्हा आम्ही हसलो. खाणीच्या कचेरीत तीस वर्षं बोगद्यांचे नकाशे काढणारी बाई, तिला फुटबॉलमधलं काय कळणार?

गुरुवारी त्या आल्या, बाकावरच्या आमच्या पास्तेंचे, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांचे, तुकडे बाजूला सारले आणि विणकरांच्या खेळाचा नकाशा काढलेला मोठा कागद पसरला.

"हात पुसा आधी. आणि सांगा, तुम्ही सगळे अबुंदियोला घाबरता, त्याचे गोल किती?"

अबुंदियो त्यांचा स्ट्राइकर. वय छत्तीस, पोट सुटलेलं. बचावाच्या मधोमध मी खेळतो, म्हणून त्याला धरायचं काम माझं. पण आकडा मलाही ठाऊक नव्हता.

"दोन," बाई म्हणाल्या. "सव्वीसांत दोन! तो गोल मारायला येतच नाही. तो मागे सरकतो, आणि नासारियो, तुझ्यासारखा एखादा वासरासारखा त्याच्यामागे जातो. दोन्ही विंगवाले पार रेषेला चिकटून उभे, म्हणजे तुमचे बाजूचे बॅकही फाकलेले. मधे झाली मोकळी जागा. तिथे कोण येतो? त्यांचा लेफ्ट बॅक, किरीनो! मागून, धावत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना."

"मग त्यांच्या मागे कोण उरतं?" मास्तरांनी विचारलं.

"दोघंच. पण चेंडू गेला की पुढचे तिथल्या तिथे झडप घालतात. घड्याळ लावून बघितलं मी, पाच सेकंदांत परत घेतात. काय देखणं आहे हो!"

"बाई, त्यांना मोडायला पाठवलं होतं तुम्हाला, प्रेमात पडायला नाही."

"तेही सांगते की. नासारियोनं जागा सोडायची नाही. आणि चेंडू मिळाला की खेळवत बसायचं नाही, लांब मारायचा, किरीनोच्या पाठीमागे."

रविवारी मी जागा सोडली नाही. पाय शिवशिवत होते.

"काय रे, आज बायकोनं बाहेर सोडलं नाही वाटतं?" अबुंदियो लांबूनच ओरडला.

किरीनो धावत आला तो थेट माझ्या अंगावर. चेंडू आम्ही लांब मारला आणि पहिला गोल झाला. चाळिसाव्या मिनिटाला तसाच दुसरा.

दुसऱ्या सत्रात मात्र अबुंदियोने एवढंच केलं, चेंडू घेतल्यावर तो आमच्या गोलकडे वळला. पाठीवर कुणी नव्हतंच, तेव्हा सगळं मैदान त्याच्यासमोर. मी पुढे गेलो की किरीनो आत घुसणार, थांबलो तर हा मोकळा. त्याच्या दोन पासवर दोन गोल झाले. तिसऱ्या वेळी मी धड इकडे ना तिकडे, आणि त्याने लांबूनच कोपऱ्यात मारला. आम्ही तीन-दोन हरलो.

मी वळून पाहिलं, तर ओतिलियाबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

सामना संपल्यावर अबुंदियो माझ्याकडे आला. "मागे येऊ नको, असं कुणी सांगितलं तुला?"

मी बाईंकडे बोट दाखवलं. तो तसाच घामाघूम त्यांच्याजवळ गवतावर जाऊन बसला. त्यांच्या मांडीवरचा तो कागद बराच वेळ पाहत राहिला.

"बाई, हे तर आमचं अख्खं घर काढलंत तुम्ही!"

"अर्धंच. वळून खेळलात ते मला दिसलंच नव्हतं. दाखवा ना, तेव्हा किरीनो कुठे होता?"

त्याने पेन्सिल घेतली. विणकरांच्या बसने तीनदा भोंगा वाजवला तरी दोघांच्या माना वर झाल्या नाहीत.

त्या वर्षी विणकर लीग जिंकले, आम्ही सहावे आलो. पण त्या सामन्यानंतरच्या सोमवारीच मास्तरांनी आपल्या शेजारी बाईंसाठी खुर्ची मांडली. बाईंनी मला पहिलं काम दिलं ते चेंडू घेऊन मागून पुढे जायला शिकण्याचं. एकतीस वर्षांचा होतो मी. एप्रिलमध्ये मी आयुष्यातला पहिला गोल मारला.