सैल हात, घट्ट हात

धाकटीने पिशवी उलटी केली आणि आपली अर्धी शाल टेबलावर टाकली. थोरल्या बहिणीची अर्धी तिथे सकाळपासूनच अंथरलेली होती. क्षणभर दोघींपैकी कोणीच हात पुढे केला नाही.

"पानं मोजलीस?" थोरलीने विचारलं.

"मोजली बाई, परीक्षेला बसल्यासारखी मोजली. तुझ्याएवढीच आहेत."

शाल जाळीच्या विणीची होती, अंगभर पानांची नक्षी. पांघरल्यावर दोन्ही टोकांची पानं खाली झुकलेली दिसावीत, म्हणून अशी शाल दोन अर्ध्यांत विणतात आणि मधोमध टाक्याला टाका जोडून सांधा घालतात. धाकटीची लेक दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने नोकरीसाठी लांबच्या थंड गावी निघणार होती. जाताना काय हवं असं विचारलं, तर तिने ही शाल मागितली आणि वर अट घातली. अर्धी आईने विणायची, अर्धी मावशीने.

पोरगी काही दूधखुळी नव्हती. आई आणि मावशी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलतात, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. त्याला कारण पूर्वीची अशीच एक शाल. धाकटी दवाखान्यात गेली होती, तेवढ्यात थोरलीने तिची अर्धी हातात घेतली, वीण सैल आहे म्हणून सगळी उसवली आणि स्वतःच पुन्हा विणायला बसली. धाकटी परत आली तेव्हा तिच्या महिन्याभराच्या कामाचा गुंडा झाला होता. "नीट व्हावी म्हणूनच ना केलं," थोरली म्हणाली होती. धाकटीने तो गुंडा उचलून कपाटात ठेवला आणि त्यानंतर सुईला हात लावला नाही. आत्ता लावला तो लेकीसाठी.

म्हणून थोरलीला सकाळपासून एकच धास्ती होती. दोन्ही अर्ध्या जुळल्या नाहीत, तर कोणाची उसवायची हा प्रश्न येणार. तो आला की पोरीला निरोप देतानाही घरात अबोला.

तिने दोन्ही अर्ध्या एकमेकींवर ठेवल्या, कडा जुळवल्या आणि वरून तळवा फिरवला. एक दुसरीपेक्षा चांगली चार बोटं मोठी निघाली. पुढे आलेली कड थोरलीची स्वतःची होती.

आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने दोन्ही उलटून पाहिल्या. पुन्हा तेच.

"ताई, ही तुझी?" धाकटीने वाकून पाहिलं.

"मग काय शेजारणीची?"

"नाही, तुझ्या विणकामातून पाणी गळत नाही. हिच्यातून तर मांजर निघून जाईल."

एरवी थोरली फणकारली असती. आज ती धाकटीची अर्धी जवळ घेऊन बघत राहिली. टाके एकमेकांना खेटून बसले होते. धाकटीच्या उजव्या हाताच्या बोटावर धागा ओढून ओढून लाल वळ उठला होता. शेवटची ओळ अजून सुईवरच होती, आणि ती सुई काडीसारखी बारीक.

"एवढ्या बारीक सुया कशाला घेतल्यास?"

धाकटी खिडकीबाहेर बघू लागली.

"माझा हात सैल. तुझ्याशी जुळायला नको?"

मग तिची नजर थोरलीच्या सुईवर गेली. तिने ती बोटांत फिरवून पाहिली.

"आणि ही? ही सुई आहे की लाटणं?"

थोरलीने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझा हात घट्ट," ती म्हणाली. "म्हटलं, जाड सुई घेतली तर जमेल तुझ्यासारखं."

आधी धाकटीच्या नाकातून हसू फुटलं. ती ते दाबायला गेली, तर डोळ्यांतून पाणी आलं. थोरलीला खोकला लागला, आणि तो खोकला नव्हता हे दोघींनाही कळलं.

आवाज ऐकून लेक दारात आली. तिने टेबलावरच्या दोन अर्ध्यांमधल्या चार बोटांच्या फरकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आता कोणाची उसवणार?"

"कोणाचीच नाही!" दोघी एकदम म्हणाल्या.

"जाळीची वीण आहे," थोरली म्हणाली. "ओली करून ताणली की ऐकते." तिने टेबलावरची कात्री उचलून खणात टाकली आणि सांध्याची सुई धाकटीपुढे धरली. "सांधा तू घाल."

"मी?"

"सांध्याला सैल हात लागतो. मी घातला तर मधोमध दोरी आवळल्यासारखं दिसेल."

"आणि वाकडा झाला तर?"

"तर वाकडा."

एवढं म्हणून थोरली स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. सांधा पुरा होईपर्यंत तिने ते बाहेर काढले नाहीत. मध्ये एकदा तोंड उघडलं, पण पाणी मागितलं आणि मिटलं.

मग शाल भिजवली, टॉवेलमध्ये दाबून पिळली आणि गादीवर पसरली. तोवर ती भांडी पुसायच्या फडक्यासारखी आकसलेली दिसत होती. दोघी दोन बाजूंना गुडघ्यांवर बसल्या आणि कडेकडेने टाचण्या लावत गेल्या.

"ओढ जरा."

"मी ओढते, पण तू थोडी सोड ना!"

"सोडली. आता?"

एकेक पान उघडत गेलं.

सकाळी लेकीने सुकलेली शाल खिडकीपाशी धरली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या होत्या, आणि मधला सांधा तिला शोधूनही पटकन सापडला नाही. मग तिने एका अर्धीवर बोट ठेवलं. त्या बाजूची पानं किंचित दाट होती.

"ही मावशीची. बरोबर ना?"

थोरली खरं काय ते सांगायला पुढे झाली.

"तिचीच," धाकटी म्हणाली. "एवढं घट्ट दुसरं कोण विणतं?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग घडी घालण्यासाठी शालीचं एक टोक हातात घेतलं आणि दुसरं धाकटीकडे दिलं.