साखरेच्या पाण्यातली सुई

तळा गावाहून लग्न होऊन मुरुडला आले तेव्हापासून माझी डाळ शिजत नाही. दुपारभर चूल फुंकायची आणि पानात वाढायचे ते गोटे! ‘विहिरीचं पाणी खारट आहे हो,’ म्हटलं की सासूबाईंचं ठरलेलं, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ हे शाळेत शास्त्र शिकवतात, पण त्याच पाण्यावर वाढलेले. यांना ते गोडच लागतं. परवा सासूबाईंनी फर्मान काढलं, ‘रविवारी अंबिकेला तळ्याला पोचवा. स्वयंपाक शिकून येऊ दे.’ असं तोंड घेऊन माहेरी जायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. पण भांडायलाही अंगात त्राण नव्हतं.

शनिवारी हे ओटीवर प्रयोगाची तालीम करायला बसले. सोमवारी शाळेत तपासणीला साहेब येणार होते. नजमुद्दीन नाखव्याच्या गलबतावरचं होकायंत्र मागून आणलेलं, त्याला तारेचे वेढे, बाजूला टॉर्चच्या बॅटऱ्या, पुढ्यात पाण्याचे दोन पेले.

“मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो,” हे मलाच शिकवू लागले. “एकानं द्यायचं, दुसऱ्यानं घ्यायचं. पाण्यात पडले की दोघं सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साखरेत मात्र इलेक्ट्रॉन दोघांत मिळून धरलेले असतात. साखर विरघळली तरी ती गाठ सुटत नाही, म्हणून वीज जात नाही. तारेची टोकं यात बुडवली तरी होकायंत्राची सुई हलणार नाही, बघ.”

मिठाच्या पाण्यात सुई वळली. साखरेच्या पाण्यातही वळली!

यांनी तारा घासल्या, पेला धुतला, वाण्याला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून विहिरीचं नुसतंच पाणी घेतलं. सुई हललीच. मग यांनी बोट बुडवून पाणी चाखलं, चांगलं दोनदा.

“आई! आपल्याच पाण्यात मीठ आहे. हिची डाळ शिजणार कशी?”

सासूबाई वाती वळत होत्या. हात थांबला नाही. “ठाऊक आहे. माझीही शिजत नव्हती.”

मला रडू कोसळलं. “मग मला का हो बोलत होतात?”

“मलाही बोलत होत्या, माझ्या सासूबाई. गोड्या पाण्याच्या विहिरीवर जाऊ दिलं नाही कधी. म्हणे, लांब आहे, एकटीनं कशाला जायचं.”

सासूबाईंनी वाती बाजूला ठेवल्या. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कोपऱ्यातला दोन कड्यांचा हंडा ओढला.

“ती विहीर गावाबाहेर जैबुन्निसाच्या नारळीच्या वाडीत आहे. तळ्याला नाही जायचं उद्या. चल, एक कडी तू धर.”