चव्हाट्यावरचं बाळ

“भात कापून झालं की न्यायला येते हं, सोने.”

आवाज तेवढा तोमिएच्या कानात राहिला होता; आईचं तोंड आठवणीतून कधीच पुसलं गेलं होतं. सांभाळायला म्हणून परक्या घरी ठेवलेली ती पोर. किती भातं कापली गेली, कुणी आलं नाही. सांभाळणारीनंच तिला पोटची म्हणून उजवलं आणि बजावलं, “सासरी हे ओठाबाहेर काढू नकोस. आगापिछा नसलेली सून कुणी ठेवत नाही.”

आणि आता तिलाच आपलं बाळ चव्हाट्यावर टाकायचं होतं. बापाच्या बेचाळिशीत झालेला मुलगा घराला जड जातो, अशी समजूत. म्हणून त्याला खोटंखोटं टाकायचं, शेजारणीनं उचलायचं आणि ‘सापडलं हो’ म्हणत आणून द्यायचं.

सासू कुरा सुपात दुपटं अंथरत म्हणाली, “अशी पांढरीफटक काय पडलीस? तुझ्या नवऱ्यालाही टाकला होता. जेवणवेळेला बरोबर परत आला. अजून वेळ चुकवत नाही.”

“शेजारच्या हानाएकाकू आणतील ना, आई?”

“न आणायला काय झालं? मूलबाळ नाही बिचारीला. हौसेनं उचलेल.”

मूलबाळ नाही. मग ठेवूनच घेतलं तर?

चव्हाट्याच्या कडेनं बर्फ साचलं होतं. सूप ठेवून ती निघाली. मागं बघायचं नाही, असा नेम. पाय पुढं चालले, जीव मागं ओढला. बाळ रडलं. मग एकाएकी गप्प झालं, आणि ते गप्प होणं रडण्याहून वाईट होतं.

घरी चहाचं पाणी उकळून आटलं. कुरानं पुन्हा ओतलं, तेही आटलं. हानाएची चाहूल नाही.

“नवं अंगडं घालत असेल,” कुरा म्हणाली. पण तीही दाराकडेच बघत होती.

तोमिए उठली. कुरानं तिची बाही धरली. “खुळी का काय? आपण आणायला गेलो तर टाकणं खोटं ठरतं. पोराच्या जिवावर बेतेल.”

“सोडा, आई.”

“एवढं काय भ्यायचं? जगात टाकलेलं पोर घरी परत आलं नाही, असं झालंय का कधी?”

तोमिएनं बाही सोडवली नाही.

“झालंय,” ती म्हणाली. “माझं झालंय. माहेरच्या आईची मी पोटची नाही. कुणाची आहे, ते मला ठाऊक नाही.”