फागुन सहा की सात

"सर, एका दिवसाचा घोळ आहे," व्हिसाच्या फाइली पाठवणाऱ्या ऑफिसातली बिनिता म्हणाली आणि माझ्या पोरीची फाइल तिनं माझ्याकडेच फिरवली.

मला हसूच आलं. तारखेचा घोळ, आणि माझ्या घरात? पुतलीसडकच्या नोटरी ऑफिसात सव्वीस वर्षं मी भाषांतरं करतोय. परदेशी शिकायला निघालेल्या पोरांचे जन्मदाखले इंग्रजीत करायचे आणि आमच्या संवताच्या नेपाळी तारखा इंग्रजी तारखांत बसवायच्या. आमचे महिने महालहरी. कधी एकोणतीस दिवसांचे, कधी बत्तीस. म्हणून दर तारीख पंचांग उघडून मोजावी लागते. मी तीनदा मोजतो. लोकमणी रिजालची तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं खुद्द नोटरीसाहेब म्हणतात.

"जन्मदाखल्यावर फागुन सहा आहे," बिनितानं बोट ठेवलं. "पासपोर्टवरची इंग्रजी तारीख मोजली तर फागुन सात येतो. तुम्हीच बघा."

मी मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदाही सातच आला.

शेजारी बसलेली स्मारिका, माझी एकुलती एक लेक, एकदम उठून उभी राहिली. ऑस्ट्रेलियातल्या नर्सिंग कॉलेजनं तिला जागा दिली होती. शुक्रवारी पाचच्या आत व्हिसाची फाइल गेली नाही तर ती जागा दुसऱ्याला. आणि आज बुधवार.

चूक माझीच होती. तिच्या नागरिकता प्रमाणपत्राचा फॉर्म मी भरला होता. लोकांच्या तारखा तीनतीनदा मोजणारा मी, पोरीची इंग्रजी तारीख पाठ आहे म्हणून न मोजताच लिहून मोकळा झालो. पुढं पासपोर्टवर तीच चढली. पाठ का असणार नाही? इस्पितळाच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत अख्खी रात्र बाकावर काढली होती मी.

"एक उपाय आहे," बिनिता हळूच म्हणाली. "दाखल्याचं भाषांतर तुम्हीच करणार. तुमचीच सही. पासपोर्टवर आहे तीच तारीख टाका. तिकडं कोण पंचांग घेऊन बसलंय?"

मी तिच्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. सहा वर्षांपूर्वी हीच पोरगी माझ्या टेबलासमोर रडत उभी होती. दूर डोंगरातल्या ताप्लेजुंगची. तिच्याही कागदांत एका दिवसाचा फरक. "एकच तर दिवस आहे, सर," असं म्हणत होती. "एक दिवस म्हणजे एक दिवस! आज एक बदलला तर उद्या वर्ष बदलायला येशील," असं ओरडून मी तिला गावच्या वॉर्ड ऑफिसातून पत्र आणायला पिटाळलं होतं. दोन दिवसांचा प्रवास. पोचली तर दसैंची, म्हणजे दसऱ्याची, सुट्टी लागलेली. परत येईपर्यंत परदेशी कॉलेजातली तिची जागा गेली. मग वडील अंथरुणाला खिळले, मग ही नोकरी. आता ती दुसऱ्यांना विमानात बसवते.

"मी कुणाला सांगणार नाही, सर," ती म्हणाली. "एका दिवसानं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता.

घरी आल्या आल्या स्मारिकानं माझी पाठ धरली. "बा, टाका ना सात! एका आकड्यानं आभाळ कोसळणार आहे का?"

"कोसळत नाही गं."

"मग? तुमच्या तत्त्वापायी मी इथंच कुजू? सगळ्या मैत्रिणी गेल्या. मी एकटी राहिले." आणि ती रडायला लागली. लहानपणी गुडघा फुटला की रडायची तश्शी, तोंड उघडं टाकून.

खोटं कशाला सांगू, मी बसलो लिहायला. दाखल्यात सहा दिसत असताना सातची इंग्रजी तारीख टाइप केली. कागद प्रिंटरमधून बाहेर आला. पेनाचं टोपण काढलं. पेन सहीच्या जागेवर टेकवलं.

बायको, सावित्रा, मागं येऊन उभी होती. "हे काय चाललंय?"

सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, दोन्ही बरोबर आहे की!"

"दोन्ही कसं बरोबर असेल?"

"पोर झाली पहाटे पावणेचारला. तुम्ही बाकावर डुलक्या काढत होता, मी जागी होते! इस्पितळाच्या घड्याळानं तारीख बदललेली. पण सासूबाईंनी, तुमच्या आमांनी, गावी नोंद करताना काय सांगितलं? अजून उजाडलं नाही, तर नवा दिवस आला कुठून? त्यांच्या हिशेबी सूर्य उगवेपर्यंत सहाच. चिन्यात पण तसंच लिहिलंय."

चिना म्हणजे पोरीची जन्मपत्रिका, लाल कापडात गुंडाळलेली. सावित्रानं ती काढली, आणि तिच्याखालून इस्पितळाचं पिवळं पडलेलं कार्ड. जन्मवेळ ३:४५. चिन्यात स्पष्ट: फागुन सहा, सूर्योदयापूर्वी.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं कुणी? बाप-लेक फाइल घेऊन मिरवत होता. जिनं जन्म दिला तिला विचारायची गरजच काय!"

मी तो टाइप केलेला कागद फाडला. बारीक तुकडे केले, तरी समाधान होईना.

तारखांच्या फरकाचं पत्र आणायला गुरुवारी पहाटेच्या बसनं आमचं रामेछापचं गाव गाठलं. वॉर्ड ऑफिसातल्या सचिवानं चिना वाचला, कार्ड बघितलं, मान डोलावली. "माझी आजीसुद्धा असंच मोजायची. पत्र देतो, पण सही अध्यक्षांची. ते सासुरवाडीला गेलेत, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला."

"कधी येतील?"

"येतील आज-उद्या."

आज-उद्या! हेच शब्द मी लोकांना किती सहज ऐकवलेत. त्या दिवशी अध्यक्ष आलेच नाहीत. चुलतभावाच्या घरी पाठ टेकली, पण ताटातला नाचणीच्या पिठाचा ढिंडो तसाच राहिला. स्मारिकाचे फोनवर फोन. "बा, झालं?" "होतंय." "बा, झालं?" "होतंय गं बाई!"

शुक्रवारी साडेनऊला अध्यक्ष मोटरसायकलवरून उतरले. कपाळाला टिका, हातात प्रसादाची पिशवी. मी नमस्कारसुद्धा न करता कागद पुढं धरला. "अहो, बसा तरी, सेलरोटी खा," असं म्हणत त्यांनी सही केली. मी सेलरोटी हातातच घेऊन पळालो.

पत्राचा फोटो पाठवून भागणार नव्हतं. भाषांतर हवं, वर नोटरीचा शिक्का हवा. बसमध्ये मांडीवर वही ठेवून मी भाषांतर केलं. 'दोन्ही तारखा एकाच व्यक्तीच्या एकाच जन्माच्या असून, फरक सूर्योदयापूर्वीच्या जन्मामुळे पडलेला आहे.' असलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं. भक्तपूरच्या अलीकडं तासभर गाड्या खोळंबल्या. मी ड्रायव्हरला दोनदा आणि देवाला दहादा हाका मारल्या. नोटरीसाहेब शिक्का हातात घेऊन दारातच उभे होते. पावणेपाचला बिनिताचा जिना चढलो आणि पत्र तिच्या टेबलावर ठेवलं.

तिनं पत्र वाचलं. परत वाचलं. कागद मशीनमध्ये घातले. पाचला चार मिनिटं कमी असताना म्हणाली, "गेली फाइल."

स्मारिका माझ्या गळ्यात पडली. मी खुर्चीत बसलो तो बसलोच.

व्हिसा चोविसाव्या दिवशी आला. पोर गेली. विमानतळावर तिच्या कपाळी टिका लावताना माझ्या हातातल्या अक्षता निम्म्या जमिनीवर सांडल्या. काचेपलीकडून तिनं हात केला, आणि मग तिथं भलत्याच माणसांची गर्दी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी लालमोहनचा डबा घेऊन बिनिताकडं गेलो. ऑफिस रिकामं होतं.

"तोंड गोड कर, बहिणी. तुझ्यामुळं झालं."

"माझ्यामुळं कसलं? पत्रामुळं," ती म्हणाली. "चांगलं होतं पत्र."

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि पाय पुढं निघेना. जे सहा वर्षांपूर्वी विचारायला अर्धं मिनिटही लागलं नसतं, ते आता विचारायला छाती होईना. तरी विचारलं.

"बिनिता, तू किती वाजता जन्मलीस?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग परत उघडलं, आणि एक लालमोहन उचलून हातात धरून ठेवलं.

"आमा सांगते, कोंबडा आरवायच्या आधी," ती म्हणाली. "बसा ना, सर. चहा सांगते."

मी परत येऊन बसलो. तिनं डबा माझ्याकडं सरकवला, आणि मीही एक लालमोहन उचललं.