बाहेरून आत आलेली कडी

मी कडी बोलतेय, दारावरची. हार्डवेअरच्या दुकानात मला आल्ड्रॉप म्हणतात, पण घरी आणल्यावर मी कडीच. वीतभर लोखंडी दांडा, धरायला मूठ आणि चौकटीवर अडकायला कोयंडा, एवढाच माझा पसारा. सरकवलं की सरकते, ओढलं की मागे येते. कोणाची बाजू घ्यायची सोय मला नाही, म्हणून जे पाहिलं तेच सांगते.

माझा जन्म सुरतेच्या उधन्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला, अठ्ठ्याऐंशी साली. बन्सीलाल नावाच्या घरमालकाने माझ्यासारख्या वीस कड्या एकाच पोत्यात भरून डिंडोलीला नेल्या. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या खानदेशी माणसांसाठी त्याने खोल्या बांधल्या होत्या. मागच्या अंगणातल्या पाच खोल्यांपैकी तिसरीच्या दारावर मला ठोकलं, बाहेरच्या बाजूने. आतल्या बाजूला एक छोटी कडी होती, पितळेची. ती स्वतःला माझ्यापेक्षा शहाणी समजायची.

त्या खोलीत आठ माणसं आणि चार अंथरुणं होती. दिवसपाळीचे चौघे सकाळी निघाले की रातपाळीचे चौघे येऊन त्याच गोधड्यांवर पडायचे. दिवसाची झोप म्हणजे सोन्यासारखी गोष्ट. गल्लीतली पोरं, भाजीवाले, उधारीवाले, कुणी ना कुणी दार ढकलायचंच. म्हणून त्या लोकांची एक रीत होती. शेवटी बाहेर पडणाऱ्याने मला बाहेरून सरकवून जायचं. कुलूप नाही, नुसती कडी. बघणाऱ्याला वाटायचं घरात कोणी नाही. आतला माणूस जागा झाला की भिंतीवर थाप मारून ओरडायचा, "वहिनी, कडी!" शेजारची बाई पोळी टाकता टाकता येऊन मला ओढायची. यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. उलट, कडी न लावता गेलेल्या माणसाला संध्याकाळी बोलणी खावी लागत.

चौऱ्याण्णव साली शहरात प्लेगची साथ आली आणि ही माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. बरीचशी परतली, पण मागच्या अंगणात राहायला कोणी आलं नाही. वर्षभर माझ्यावर गंज चढला.

मग रंजनाताई आल्या. लूनावरून. वय असेल पस्तिशीचं. वडील भुसावळकडून रेल्वेत लागून उधन्याला आलेले. ताई समाजकार्य शिकलेल्या आणि मनोरुग्णालयात बरीच वर्षं नोकरी केलेल्या. तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. माणूस बरा होतो, डॉक्टर सुट्टी देतात, पण त्याला न्यायला कोणी येत नाही. आलं तरी दहा बाय दहाच्या खोलीत त्याची सोय होत नाही. अशा माणसांसाठी एका संस्थेने शहरात तीन घरं घेतली होती आणि तिन्ही चालवायचं काम ताईंकडे होतं. डिंडोलीचं हे तिसरं. चार खोल्यांत चार पुरुष, पाचवीत स्वयंपाकघर. उषाबाई सकाळी येऊन स्वयंपाक शिकवायच्या. शिकवायच्या म्हणते, कारण करून वाढायला ताईंनी बंदी घातली होती.

"ही माणसं इथे पेशंट नाहीत, राहणारी आहेत," ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यांनी स्वतःच्या हाताने नियम लिहून स्वयंपाकघरात लावले होते. त्यातला पहिला होता, कोणत्याही खोलीत दार वाजवल्याशिवाय जायचं नाही. दुसरा, कोणत्याही दाराला बाहेरून कडी असणार नाही.

आता गंमत बघा. मी बाहेर होतेच. संस्थेच्या एका विश्वस्तांनी सांगितलं, आतल्या कड्या आधी काढा, कोणी कोंडून घेऊन जिवाचं बरंवाईट केलं तर? ताई वाद घालून दमल्या आणि मान्य केलं. पितळेची शहाणी गेली. बाहेरच्यांचं काम "सुतार आला की करू" म्हणून राहिलं. सुतार दोनदा आला. एकदा गळका पत्रा निघाला, एकदा खाटेचा पाय. माणसांचं हे मला कळत नाही. भिंतीवर लिहिलं की त्यांना काम झाल्यासारखंच वाटतं.

माझ्या खोलीत भगवान राहायला आला. चाळिशीचा, उंच, हळू बोलणारा. पूर्वी त्याच्या कानात आवाज यायचे. गावी बापाने त्याला दोन वर्षं गुरांच्या गोठ्यात कोंडून ठेवलं होतं. धाकटा भाऊ भाईदास तेव्हा सुरतेत लूमवर होता. त्याला कळलं तेव्हा त्यानेच भावाला आणून दवाखान्यात घातलं, आणि पुढे इथे. भगवान पहिल्या महिन्यात दार लोटूनसुद्धा घ्यायचा नाही, थंडीतही. तिसऱ्या महिन्यात लोटू लागला. सहाव्या महिन्यात रोज सकाळी पिशवी घेऊन चौघांचं दूध आणू लागला. दूधवाला त्याला "भगवानभाई" म्हणायचा. ताई हे ऐकून इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी लूनाची किल्ली आमच्याकडेच विसरल्या.

आठव्या महिन्यात ती गोष्ट घडली. एप्रिल महिना होता, शहाण्णव साल. भाईदास रातपाळी करून तसाच भावाला भेटायला आला. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. भगवान गोळी घेऊन झोपला होता. भाईदासने डबा उशाशी ठेवला, पाच मिनिटं भावाकडे बघत बसला, त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि बाहेर पडला. पडता पडता त्याचा हात माझ्याकडे आला आणि त्याने मला सरकवलं. त्याचं लक्षही नव्हतं. बारा वर्षांची सवय होती त्या हाताला.

उषाबाई बाजारात गेल्या होत्या. बाकीचे तिघे इच्छापोरला पॅकिंगच्या कामाला. अकराच्या सुमारास भगवान उठला. त्याने दार ओढलं. पुन्हा ओढलं. मग हाक मारली. "वहिनी, कडी!" म्हणायचं त्याला ठाऊक नव्हतं, तो त्या खोल्यांत कधी राहिलाच नव्हता. आजूबाजूला लूमचा खडखडाट. त्याचा आवाज वाढत गेला, मग फुटला. त्याने खिडकीवर स्टूल घातलं. काच अंगणात पडली आणि गल्लीतली माणसं जमली.

तीसेक तरी असतील. त्यात दूधवालाही होता. सगळ्यांनी आधी फुटकी खिडकी पाहिली, मग मला पाहिलं. आणि मला पाहून त्यांचं ठरलं. बाहेरून कडी आहे म्हणजे कोणीतरी विचार करूनच लावली असणार, आतला माणूस बिथरला असणार. भगवान खिडकीच्या गजांआडून हात जोडून सांगत होता, "दार उघडा, मी काही करत नाही." जितकं सांगत होता तितकी माणसं मागे सरकत होती. एका बोटाने सरकले असते मी. लहान पोरानेही ओढलं असतं. कोणी पुढे आलं नाही. मला सहसा वाईट वाटत नाही, पण त्या दिवशी वाटलं.

पाऊण तासाने ताई आल्या. गर्दीतून वाट काढत त्यांनी मला ओढलं. भगवान दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बसला होता. हातातून रक्त येत होतं. त्याने ताईंना एवढंच विचारलं, "ताई, आता मी काय केलं?"

त्याला शिक्षाच वाटली होती. ताई दारातच खाली बसल्या. नंतर त्यांनी जखम धुतली, टाके घालून आणले. 

संध्याकाळी बन्सीलाल आला. "बेन, आ नहीं चाले. जेने कडी मारीने राखवो पडे, एने दवाखानामां मूको. नहीं तो घर खाली करो." म्हणजे भगवानला पाठवा, नाहीतर चौघांनी निघा. विश्वस्तही आले होते. त्यांनी ताईंना बाजूला, नेमकं माझ्यापाशीच, घेतलं. "लिहून टाका की याचा आजार उलटला, म्हणून कोणीतरी खबरदारी घेतली. एकाला पाठवलं तर तिघांचं घर वाचतं. तुमचं नावही कुठे येत नाही."

 मला वाटलं, ताई लिहितील. चुकीचं म्हणणार नाही मी. तीन माणसांचं छप्पर म्हणजे काही थोडकी गोष्ट नाही. आणि कडी लावली कोणी, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. उषाबाई देवाची शपथ घेऊन नाही म्हणत होत्या.

तेवढ्यात भाईदास आला. रात्रीच्या पाळीला जाता जाता रिकामा डबा घ्यायला. फुटकी खिडकी, भावाच्या हाताची पट्टी, अंगणातली माणसं बघून तो उभाच राहिला. काय झालं ते उषाबाईंनी सांगितलं. गप्प बसला असता तर कोणी त्याच्याकडे बघितलंही नसतं.

"ताई, कडी मी लायेल व्हती," तो म्हणाला. "भाऊ झोपेल व्हता. पोऱ्या उठाडतीन म्हनीसन लाई दिधी. आमनी खोलीमा अशीच लावतस. मन्हा ध्यानमाच नही उनं." आणि तो मोठा माणूस भावाच्या पायाशी बसून रडायला लागला.

 मग ताई बन्सीलालकडे वळल्या. "याने सवयीने लावली. पण लावायला कडी तिथे होती, ती माझ्यामुळे. माझ्याच नियमात लिहिलंय की असणार नाही. आठ महिने मी ती काढली नाही. संस्थेला मी हेच लिहिणार आहे. भगवान आजारी पडला नव्हता, बन्सीलालभाई. कोंडला गेला होता. तुम्ही आत असता तर काय केलं असतंत?"

बन्सीलाल मनाने वाईट नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. काच बसवून द्या, दिवाळीपर्यंत बघू, म्हणाला आणि गेला. विश्वस्त मात्र न बोलता गेले. ताईंनी ते पत्र खरंच लिहिलं. त्यानंतर दोन घरं त्यांच्याकडून काढून घेतली गेली. डिंडोलीचं तेवढं राहिलं, कारण ते चालवायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मला भाईदासनेच काढलं, लूमच्या पेटीतला पेचकस आणून. पाचही दारांच्या कड्या काढल्या आणि बाहेरून किल्लीने लागणारी, पण आतून कधीही उघडणारी कुलपं बसवली. मला भंगारात द्यायचं चाललं होतं. ताई म्हणाल्या, भगवानला विचारा, खोली त्याची आहे. भगवानने मला हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं. म्हणाला, "आतून लावा."

 विश्वस्तांची भीती काही अगदीच खोटी नव्हती, हे दवाखान्यात काम केलेल्या बाईला सांगायला नको. दोन दिवस विचार करून ताईंनी मला दाराच्या अगदी वर बसवायला सांगितलं. वेळ आलीच तर बाहेरून स्टुलावर चढून झरोक्यातून हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. आणि तो हात कोणी, कधी घालायचा, हे भगवानसमोर बसून, त्याला विचारून लिहिलं. तीन हाका, उत्तर आलं नाही तरच. आजपर्यंत तो हात आलेला नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. बन्सीलालची दिवाळी अजून आलेली नाही. मी वंगण लावलेली, नीट आहे. भगवानच मला महिन्यातून एकदा तेल घालतो. भाईदास येतो तेव्हा अंगणातूनच स्वतःचं नाव सांगतो. त्याचे दोन्ही हात तेव्हा डब्यावर असतात.

मागच्या मंगळवारचं सांगते आणि थांबते. मंगळवार हा ताईंच्या भेटीचा दिवस. त्यांनी दार वाजवलं. मी लागलेली होते. आतून भगवान म्हणाला, "ताई, आज नको."

ताईंचा श्वास मला दारातून ऐकू आला. "बरं आहे ना? गोळी?"

"घेतली. जेवलो. आज बोलावंसं वाटत नाही."

"उद्या येऊ?"

 "परवा या."

"बरं," ताई म्हणाल्या. भेटींच्या वहीत त्यांनी उभ्याउभ्या काहीतरी लिहिलं आणि उषाबाईंना वाचून दाखवलं: भगवान घरी आहेत, भेट झाली नाही. वाचलं ते कौतुकाने. दवाखान्यापासून धरून चौदा वर्षं ज्या बाईसाठी दार उघडायला लोक धावत होते, तिला एका माणसाने आपल्या घरातून परत पाठवलं होतं.

तुम्हीही कधी या. दार वाजवा, नाव सांगा, थांबा. आतून "आज नको" आलं तर मनाला लावून घेऊ नका. चपला घाला आणि परवा या.