माहीमचा हलवा, वाकोल्यात

सुगंधाबाईंनी पातेल्यावरचं ताट बाजूला केलं आणि समोरच्या बिऱ्हाडाची खिडकी बंद झाली. वरच्या मजल्यावरची एक जरा विचार करून बंद झाली. भिजवलेला गहू तिसऱ्या दिवशी आंबतोच. पण हा रेशनचा तांबडा गहू होता आणि अमेरिकेहून येताना बोटीतच त्यानं आंबायला सुरुवात केली असावी. पातेल्यात करडा फेस दाटला होता. फेसावर एक माशी बसली होती. ती मेलेली होती.

"माशीसुद्धा टिकली नाही," श्यामकांत नाक धरून म्हणाला. "आई, माहीमला हलवा तयार मिळतो. मी संध्याकाळी जाऊन घेऊन येतो."

"सातव्या महिन्यात बाहेरचं नको."

"परवा तूच वसुधासाठी भजी मागवलीस की."

"ती मी खाल्ली," म्हणत सुगंधाबाईंनी दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घातले आणि पिळायला सुरुवात केली. बोटांच्या फटींतून पांढरट चीक बाहेर आला. शेंबडासारखा. श्यामकांत ऑफिसला निघून गेला, नेहमीपेक्षा लवकर.

दारात वसुधा पदर तोंडाशी धरून उभी होती. या सगळ्याला कारण तीच होती. महिन्यापूर्वी सासूबाईंनी तिला चारचौघींत विचारलं होतं, "काय गं चघळतेस?" तिच्या तोंडात तेव्हा मोरीशेजारच्या भिंतीचा पोपडा होता. वरणाच्या फोडणीनं तिला ढवळायचं, भाताच्या वाफेनं ढवळायचं. पण ती ओलसर, चुन्याची भिंत दिसली की तोंडाला पाणी सुटायचं. आता तिथं तळहाताएवढी वीट उघडी पडली होती. चांगल्या घरच्या सुनेला चिंच हवी वाटते, कैरी हवी वाटते. ही घर खाते हे शेजारच्या जानकीवहिनींना कळतं, तर दिवेलागणीच्या आत चेंबूरपर्यंत पोचतं. म्हणून पोपडा गिळून तिनं लग्नाआधी आवडणाऱ्या गोडाचं नाव सांगितलं होतं. "काही नाही, माहीमचा हलवा आठवला."

आणि आता रविवारी डोहाळजेवणात, सगळ्यांदेखत, तो तिनं खायचा होता. नाही खाल्ला, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुला हवंय तरी काय?

चीक साखरेच्या पाकात शिजला, त्यात तूप गेलं, आणि शेवटी स्टोव्हवर जे उरलं त्याला रंग असा नव्हता. तो गोळा कागदावर पातळ लाटायचा होता. तेलकट कागद आणायला पाठवलेला श्यामकांत हात हलवत परत आला आणि कपाटामागून जुनी वर्तमानपत्रं काढून देत म्हणाला, "कागद तो कागद."

रविवारी वसुधा अंगावर फुलांची वाडी चढवून घामाघूम बसली होती. ओटी भरून झाली, ताटल्या फिरल्या. नणंद पद्मजानं आपली वडी उजेडात धरली.

"वहिनी, यावर काहीतरी छापलंय." अक्षरं उलटी उमटली होती, म्हणून तिनं वडी वसुधाच्या समोरच्या आरशाला दाखवली आणि वाचलं, "'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' हे खायचं का मी?"

"तुझं बरं आहे," जानकीवहिनी म्हणाल्या. "माझ्या वडीवर मूळव्याधीचं मलम आहे."

तरी त्यांनी वडी दातांनी ओढली. ती तुटेना, लांबली, आणखी लांबली, मग एकदम सुटून हनुवटीला चिकटली. त्यांनी दोनदा चावलं आणि थांबल्या.

"सुगंधाबाई, जीभ चरचरते हो."

"बिघडला खरा," सुगंधाबाई म्हणाल्या. आळीतल्या प्रत्येक लग्नात ज्यांना अनारसे करायला बोलवायचे, त्या हे म्हणाल्या. "रेशनचा गहू."

मोरीशी रांग लागली. पुढचीचं थुंकून झालं की मागची पुढे सरकत होती, नळावर सरकावं तशी.

आता सगळ्या वसुधाकडे पाहायला लागल्या. तिनं डोळे मिटले, श्वास धरला आणि वडीचा कोपरा तोडला. तूप टाळूला चिकटलं. पोटातून काहीतरी वर निघालं, गळ्याशी आलं आणि तिथंच थबकलं, कारण तुपाखालून दुसरी चव येत होती. गार. ओलसर. मोरीशेजारची.

वसुधानं डोळे उघडले. वडी संपवली. दुसरी घेतली.

"वसुधा, तोंडदेखलं खाऊ नकोस गं. बाळाला बाधेल," मोरीवरून परतलेल्या शेजारच्या माणिकताईंनी ओठ पुसत सांगितलं.

तिनं तिसरी घेतली. मग हात लांब करून पद्मजाच्या ताटलीतले कैलासवासीही उचलले आणि सावकाश चावून खाल्ले. पद्मजानं मान फिरवली.

"नशीबवान आहात हो," जानकीवहिनी सुगंधाबाईंच्या कानाशी म्हणाल्या. "सून तुमची अब्रू राखतेय."

"हो ना," सुगंधाबाई म्हणाल्या आणि ताटल्या उचलायला लागल्या.

बायका गेल्यावर वसुधा आतल्या खोलीत वेणीतली फुलं सोडवत होती. सुगंधाबाई डबा घेऊन आल्या. कुणी हात न लावलेल्या वड्या त्यांनी त्यात नीट रचल्या होत्या. डबा त्यांनी तिच्या उशाशी ठेवला.

"घरमालक बुधवारी येतोय. मोरीची भिंत बघायला," त्या म्हणाल्या. "तोवर यावर भागव."

वसुधाच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

सुगंधाबाईंनी दार लोटून घेतलं.

"चुना जास्त झाला का गं?"

वसुधानं डबा जवळ ओढला.

"थोडा कमीच, आई."

सुगंधाबाईंनी मान डोलावली. मग डब्यातून एक वडी घेतली, तोंडात टाकली, सुनेकडे पाहत नेटानं दोनदा चावली, आणि तोंडावर हात धरून घाईघाईनं मोरीकडे गेल्या.