हिरव्या दाराची तेवीस गिऱ्हाइकं

ऑपरेटरबाईंना टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण गल्लीनं त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. एक्स्चेंज बंद पडलं, तारा भंगारात गेल्या, तरी कुणाला कुठं काही जोडून हवं असलं की पावलं बाईंच्या हिरव्या दाराकडेच वळायची. आता जोडून हवी होती ती दुकानं. फोनमधल्या बाजारात सगळं मिळतं हे गल्लीच्या कानावर आलं होतं, आणि तो बाजार हाताळू शकणारी माणसं गल्लीत दोनच. एक बाई आणि दुसरी शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची सून. सूनबाई हुशार, त्यात वाद नाही. पण तिच्या कपाळावरची आठी पाहूनच म्हातारी माणसं आल्या पावली परत फिरायची.

म्हणून दुपारी बाईंच्या दाराशी माणसं जमायची. कुणाला गुडघ्याचा पट्टा हवा, कुणाला कवळी धुवायचा ब्रश, कुणाला बागेला पाणी घालायची नळी. बाई वस्तू शोधून दाखवायच्या, दोन-चार ठिकाणचे भाव सांगायच्या, आणि स्वतःच्या खात्यातून पैसे भरायच्या. माणसं ते तिथल्या तिथं त्यांच्या हातावर ठेवायची. पार्सल आलं की बाईंच्या फोनवर चार आकडे यायचे आणि ते सांगितल्याशिवाय पार्सलवाला वस्तू हातातून सोडायचा नाही. पत्तासुद्धा बाईंचाच टाकावा लागायचा, कारण फोनमधल्या नकाशात ही गल्लीच नव्हती. एक्स्चेंजच्या मागे नुसता राखाडी पट्टा आणि त्यात एकटं बाईंचं घर. ते तरी कसं उमटलं, देव जाणे.

फोन बाईंचा, पत्ता बाईंचा, खातं बाईंचं. नाव मात्र ज्याचं त्याचं. हा नियम पहिल्याच पार्सलानं घालून दिला. गुडघ्याचा पट्टा मागवणाऱ्या आजींचं नाव बाईंनी सहज म्हणून टाकलं, आणि पार्सलवाल्यानं गल्लीच्या मध्यभागी उभं राहून ते खणखणीत आवाजात पुकारलं, पूर्ण, आडनावासकट. आजी पदर सावरत बाहेर आल्या त्या बक्षीस घ्यायला निघाल्यासारख्या. या वयात माणसाचं पूर्ण नाव घेतात ते एक तर दवाखान्याच्या खिडकीत, नाही तर कोर्टाच्या दारात. इथं त्या नावामागून चक्क खोकं आलं होतं. आजींनी पट्टा काढून घेतला आणि खोक्यावरची चिठ्ठी जपून उशीखाली ठेवली. तेव्हापासून बाई या नियमापासून तसूभर हलल्या नाहीत. सगळं स्वतःच्या नावावर मागवलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, पण चांगुलपणा करताना माणूस इतका लांबचा विचार कुठं करतो.

एका मंगळवारी सकाळी फोनवर निरोप आला: तुमचं खातं थांबवण्यात आलं आहे, वाटेतली पार्सलं रोखून धरली आहेत. वाटेतल्या पार्सलांत घड्याळकाकांचं भिंग होतं. काका घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला लावायचं त्यांचं जुनं भिंग हातातून पडून तडकलं होतं, आणि तसं इथल्या बाजारात मिळत नव्हतं. आठवडाभर त्यांच्या टेबलावर अकरा घड्याळं उघडी पडली होती, वर फडकं टाकून. गिऱ्हाईक आलं की काका उद्या या म्हणायचे, आणि तो उद्या काही उगवत नव्हता.

बाईंनी मदतीचा नंबर लावला. आधी ध्वनिमुद्रित आवाजानं त्यांना पाच वेळा बटणं दाबायला लावली, मग वाजंत्री ऐकवली, मग एक मुलगी बोलली आणि न सांगता मध्येच गायब झाली. बाईंनी तीस वर्षं एक्स्चेंजच्या बोर्डावर काढली होती. थांबा म्हटल्याशिवाय माणसाला टांगून ठेवायचं नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलेलं. त्यांनी रागानं ओठ घट्ट मिटले आणि वाट पाहिली. मुलगी परत आली आणि तिनं सगळं समजावलं. काही विक्रेते आपलाच माल खोट्या नावांनी मागवतात, स्वतःच स्वतःची तारीफ लिहितात आणि खप फुगवून दाखवतात. इथं एका फोनवर, एका दारावर तेवीस नावं दिसत होती. कंपनीचा माणूस येऊन तेवीस जणांना डोळ्यांनी पाहील. त्यातलं एक नाव जरी बनावट निघालं तरी खातं कायमचं बंद.

बाई म्हणाल्या, बघू द्या की, माणसं हाडामांसाची आहेत. फोन ठेवला आणि मग त्यांना चौदावं नाव आठवलं.

चौदावं नाव त्यांच्या यजमानांचं होतं. गल्ली त्यांना भाऊ म्हणायची. भाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून लाइन तपासताना त्यांना नियमानं बोर्डाला पूर्ण नाव सांगावं लागायचं. लग्नाच्या आधी दोन वर्षं आणि नंतर सव्वीस वर्षं बाईंनी ते नाव कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकलं होतं, कधी वाऱ्यात, कधी पावसात. भाऊंना जाऊन चार वर्षं झाली होती. बाईंना स्वतःसाठी छत्री लागली, चपला लागल्या, गरम पाण्याची पिशवी लागली, तेव्हा त्यांनी दर वेळी भाऊंचंच नाव टाकलं. अशी सहा पार्सलं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बाईंनी तेवीस नावांची यादी काढली आणि ती बघायला शिंपीमास्तर आले. चौदाव्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं. मास्तरांचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं, त्यांचं सगळं सूनबाई मागवायची. ते जायला उठले आणि दारात वळून म्हणाले, "चौदा नंबरला मी उभा राहतो. मला कोण ओळखतंय तिथं? काकांचं भिंग तरी सुटेल."

बाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ओळखपत्राचं काय करणार, हेही विचारलं नाही. रात्री अंथरुणात त्यांना कळलं की आपण गप्प बसून होकारच दिला आहे, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पण काकांची उघडी घड्याळंही डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

कंपनीचा माणूस म्हणजे एक तिशीतली तपासनीस बाई निघाली. खांद्याला बॅग, हातात पाटीएवढा स्क्रीन, आणि पायात चालून चालून झिजलेले बूट. गल्लीनं आधीच खुर्ची मांडून ठेवली होती. माणसं इस्त्रीचे कपडे घालून भिंतीला टेकून उभी होती. गुडघेवाल्या आजींनी उशीखालची चिठ्ठी पुरावा म्हणून आणली होती.

तपासनीस बाईनं आधी खातेदाराचं नाव वाचलं. पूर्ण. ते ऐकून दोघीतिघी इकडेतिकडे बघायला लागल्या, ही कोण बुवा म्हणून. ऑपरेटरबाई पुढे झाल्या तेव्हा कुठं उजेड पडला. तीस-पस्तीस वर्षांच्या शेजारात त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांची सून भिंतीशी उभी होती. तिनं आठी घालून हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

मग एकेक नाव. माणूस पुढे यायचा, ओळखपत्र दाखवायचा, काय मागवलं ते सांगायचा, आणि त्याचा फोटो निघायचा. कवळीवाल्या आजोबांनी फोटोसाठी कवळी काढून दाखवायची तयारी दाखवली. तपासनीस बाईनं नम्रपणे नको म्हटलं. घड्याळकाका नववे होते. भिंग कधी मिळेल, असं त्यांनी हळूच विचारलं. सगळं झाल्यावर सांगते, असं उत्तर आलं. तेरा नावं झाली.

तिनं चौदावं नाव वाचलं.

मास्तर खाकरले. पँटवरून हात फिरवून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. आणि बाईंना राग आला. मास्तरांचा नव्हे, ते बिचारे सगळ्यांच्या भल्यासाठी तोंडावर पडायला तयार झाले होते. राग आला तो स्वतःचा. चार वर्षं ज्या नावाला त्या जपत होत्या, त्या नावाला दुसऱ्याच्या आवाजातलं "हजर" त्यांना ऐकवणार नव्हतं.

"मास्तर, थांबा," त्या म्हणाल्या. मग खुर्चीकडे वळल्या. "ते नाहीत. माझे यजमान. चार वर्षं झाली."

तपासनीस बाईनं स्क्रीनवर बोट ओढलं. "पण शेवटचं पार्सल गेल्या महिन्यात आलंय, मावशी. छत्री."

"छत्री माझी. चपला माझ्या. सहाही वस्तू माझ्याच. नाव तेवढं त्यांचं टाकलं."

"का?"

बाईंनी गल्लीकडे पाहिलं. "ते नाव आता कुणी घेत नाही. पार्सलवाला घेतो, मोठ्यानं. म्हणून."

मास्तर आपलं पाऊल मागे घेऊन भिंतीला टेकले. तपासनीस बाईनं स्क्रीन चाचपला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं की यात दोनच पर्याय आहेत, भेटले आणि भेटले नाहीत. तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. मग उरलेली नऊ नावं वाचली.

शेवटी तिनं निकाल सांगितला. बावीस माणसं खरी, त्यांची पार्सलं उद्या सुटतील. काकांचा जीव भांड्यात पडला. खातं मात्र बंद, ते तिच्या हातात नव्हतं. ती बॅग खांद्याला लावून उठली आणि जाता जाता म्हणाली की एका फोनवर पाच नावांपर्यंत कुणी काही विचारत नाही, पत्ता एकच असला तरी. पाणी पिऊन ती गेली.

गल्लीनं हिशेब बसवला. तीन नावं सूनबाईकडे, पाच काकांच्या पलीकडच्या गल्लीतल्या भाच्याकडे, बाकीची ज्याच्या त्याच्या बाहेर राहणाऱ्या लेकीसुनांकडे; पत्ता तेवढा बाईंचाच राहिला. भिंग दोन दिवसांत आलं आणि अकरा घड्याळं आठवड्यात चालू झाली. बाईंवर कुणी रागावलं नाही, उलट एक-दोनदा कुणीतरी बसायलाही आलं. पण दुपारी दाराशी जमणारी माणसं गेली ती गेलीच. बाईंना फार एकटं वाटायला लागलं. फोन चार्ज करायचं त्या विसरायला लागल्या. चपलांचा अंगठा तुटला तो त्यांनी दोऱ्यानं बांधला.

तीन आठवड्यांनी पार्सलवाला आला आणि नेहमीसारखा गल्लीच्या मध्यभागी उभा राहून ओरडला. कुणी बाहेर आलं नाही. बाई दारात बसल्या होत्या. कुणाचं आलं म्हणून त्यांनीही मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. त्यानं पुन्हा नाव पुकारलं, पूर्ण, आडनावासकट. समोरून मास्तर सुई दातात धरून हसत होते, आणि खिडकीत उभी सूनबाई आठी घालून फोनवरचे चार आकडे वाचून सांगत होती.

पार्सलवाल्यानं आकडे टिपले आणि खोकं बाईंच्या हातात दिलं. चपलांच्या मापाचं होतं. बाईंनी ते मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. बाकी सगळ्यांची नावं त्यांनी स्वतः टाकली होती. हे एक, स्वतःचं, कधी टाकायचं सुचलंच नव्हतं.

"परत एकदा वाच," त्या म्हणाल्या.

त्याला अजून तीन गल्ल्या उरकायच्या होत्या, तरी त्यानं वाकून चिठ्ठी बघितली आणि वाचलं.